लोणी लावलेला स्पेसर

मित्रांनो, आमच्या गाडीच्या मागच्या डाव्या चाकाचे दोन नट हरवलेत हे ज्या दिवशी उघड झालं, त्या दिवशी गल्लीतली सगळी कुत्री आमच्या मागे लागली होती. ती भुंकत नव्हती. जिभा बाहेर काढून, शेपट्या हलवत, जेवायला बोलावल्यासारखी आनंदात धावत होती.

गाडी केकची होती. पुढे काका गाडी चालवत होते. मागच्या बंद भागात एका लाकडी स्टुलावर काकू बसल्या होत्या. शाळेच्या वाढदिवसाचा चार मजली केक त्यांनी दोन्ही हातांनी धरून ठेवला होता.

"अहो," काकूंनी मागून हाक मारली, "लोणी कुठे वितळतंय?"

"अगं, केकचाच वास असेल."

"माझा केक थंड आहे. हा गरम लोण्याचा वास आहे. थांबवा गाडी."

"पुढचा उतार संपू दे, मग थांबवतो."

"उताराच्या आधी थांबवा म्हणते मी!"

काकूंचा आवाज असा चढला की काका वाद घालत नसत. त्यांनी गाडी कडेला घेतली, उतरून मागे आले आणि चाकाजवळ वाकले. चाकाला पाच नट असायला हवे होते. तीनच होते. त्यातल्या एकाला काकांनी बोट लावलं, तर तो बाटलीच्या झाकणासारखा फिरला. समोरचा उतार चांगला लांब होता आणि खाली चौकात गर्दी होती. काकांनी एकदा उताराकडे पाहिलं, एकदा गाडीच्या मागच्या दाराकडे पाहिलं, आणि ते रस्त्यावरच बसले. एक कुत्रं त्यांच्या शेजारी येऊन बसलं.

त्या चाकाच्या आत मी होतो. मी कोण, आणि माझ्या अंगाला लोणी कसं लागलं, हे सांगायचं तर मला जरा मागे जावं लागेल.

मी चाकाचा स्पेसर. नाव मोठं वाटतं, पण मी म्हणजे अ‍ॅल्युमिनियमची एक जाड गोल चकती. मध्ये एक मोठं भोक आणि त्याच्याभोवती पाच लहान भोकं. गाडीचं चाक ज्या लोखंडी गोलावर बसतं त्याला हब म्हणतात. हब आणि चाक यांच्यामध्ये मला बसवतात. मी बसलो की चाक माझ्या जाडीइतकं बाहेर सरकतं. चारही चाकं अशी बाहेर सरकली की गाडी पाय फाकून उभी राहिल्यासारखी दिसते आणि वळणावर जरा कमी कलते. बस, एवढंच माझं काम. काही जण जन्मभर दोघांच्या मध्ये बसून राहतात आणि त्यालाच नोकरी म्हणतात. मी त्यातला.

माझा जन्म एका लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या यंत्रावर, झाला. अ‍ॅल्युमिनियमचा लांब जाड गज होता. काकडीच्या चकत्या कराव्यात तसं एका कारागिराने त्यातून आम्हा चौघा भावांना एकामागून एक कापून काढलं. मी शेवटचा, म्हणून धाकटा. कापून झाल्यावर त्याने आम्हाला घासून असं चकचकीत केलं, की माझ्यात बघून त्याने आपला भांग सारखा केला. तेव्हापासून मला वाटायला लागलं की आपण कुणीतरी आहोत.

आमचं मधलं भोक मुद्दाम मोठं ठेवलं होतं. कारखान्याच्या मालकाचं म्हणणं असं, की भोक मोठं असलं म्हणजे चकती कुठल्याही हबवर जाते. आमच्या खोक्यावर ठळक अक्षरात छापलं होतं, 'सर्व गाड्यांसाठी'. ते वाचून आम्हा भावांची छाती फुगली. चपला भल्या मोठ्या असल्या की सगळ्यांच्या पायात जातात, पण चालताना फटक फटक वाजतात, हे आम्हाला तेव्हा कोण सांगणार?

खोक्यात बसून आम्ही एका दुकानात आलो. तिथे गाड्यांचं शोभेचं सामान मिळायचं. सीटची कव्हरं, रंगीत दिवे, आरसे, बारा प्रकारचे भोंगे. दुकानदाराचं खरं नाव कुणालाच आठवत नसे. त्याला सगळे फिटेलभाऊ म्हणायचे. गिऱ्हाईक काहीही मागू दे, तो म्हणायचा, "फिटेल! का नाही फिटणार?" एकदा एक माणूस ट्रकचा भोंगा घेऊन स्कूटरला लावता येईल का विचारायला आला. फिटेलभाऊंनी स्कूटर न बघताच सांगितलं, "फिटेल!" तो माणूस दुसऱ्या दिवशी भोंगा परत घेऊन आला. स्कूटर कुठे होती ते त्याने सांगितलं नाही.

आता काका-काकूंबद्दल सांगतो. त्यांचं घर पुढून दुकान आणि मागून भट्टी होतं. काकू केक करायच्या आणि काका तो पोचवायचे. काकूंच्या केकला नावं ठेवायला जागा नसे. काकांच्या पोचवण्याला मात्र होती. त्यात सगळा दोष त्यांचा नव्हता. त्यांची गाडी उंच आणि अरुंद होती, कपाट आडवं न पाडता रस्त्यावर चालवल्यासारखी. वळण आलं की ती झुकायची, आणि ती झुकली की केकही झुकायचा.

एका मुख्याध्यापकांच्या निरोपाचा केक पोचला तेव्हा त्याची घसरगुंडी झाली होती. एका बाळाच्या वाढदिवसाला केक केकच्या जागी होता, पण बाळाचं नाव सरकून डब्याच्या झाकणाला लागलं होतं. बाळाची आजी म्हणाली, "नाव झाकणाचं ठेवलंय का?" काकू सोबत क्रीमची पिशवी आणि सुरी घेऊन जायच्या आणि दारातच केकची मलमपट्टी करायच्या. घरी परतताना दोघांचं ठरलेलं संभाषण व्हायचं.

"वळण जरा हळू घेतलं असतं तर?"

"अगं, ह्यापेक्षा हळू घेतलं तर लोक गाडी बंद पडली म्हणून ढकलायला येतात."

असेच एकदा काका फिटेलभाऊंच्या दुकानात शिरले. पायपुसणं घ्यायला गेले होते. फिटेलभाऊंनी त्यांचं दुःख ऐकलं आणि आमचं खोकं फळीवरून खाली काढलं.

"काका, हे लावा. गाडी अशी पाय रोवून चालेल, की केकवर पाण्याचा पेला ठेवा, सांडणार नाही."

"आमच्या गाडीला होईल ना पण?"

"फिटेल!"

"हबचं माप वगैरे बघायला लागत नाही?"

"खोक्यावर काय लिहिलंय? सर्व गाड्यांसाठी. तुमची गाडी सर्वांत येते का नाही?"

काकांनी पाकीट काढलं. चाकाचे बोल्ट आता पुरतील का, हेही विचारायचं त्यांना सुचलं नाही. मित्रांनो, चांगल्या प्रतीच्या स्पेसरला स्वतःचे बोल्ट असतात, किंवा गाडीला लांब बोल्ट घालून घ्यावे लागतात. आम्हाला बोल्ट नव्हते, नुसती भोकं. आम्ही मध्ये बसलो म्हणजे तेवढा बोल्ट आमच्याच पोटात जाणार. नटाला धरायला उरणार फक्त शेंडा.

काकांनी आम्हाला मिस्त्रीकडे नेलं नाही. घरच्या मागच्या अंगणात जॅक लावून ते स्वतःच बसवायला बसले. पहिलं चाक काढलं, थोरल्या भावाला हातात घेतलं आणि ते थबकले. ते जन्मभर भट्टीच्या शेजारी राहिलेले. त्या घरात कुठलीही गोल धातूची वस्तू लोणी लावल्याशिवाय वापरायची पद्धत नव्हती. डब्याला लोणी नाही लावलं तर केक चिकटतो, आणि चिकटला की तुटतो, हे त्यांनी काकूंकडून इतक्या वेळा ऐकलं होतं की ते त्यांच्या हातात मुरलं होतं. हा स्पेसर पुढे कधीतरी काढावा लागेल, तेव्हा तो हबला चिकटून बसला तर?

त्यांनी खिडकीतून हाक मारली. "अगं, चिकटू नये म्हणून लोणी किती लावायचं?"

काकू आत पाठमोऱ्या पीठ मळत होत्या. त्यांना वाटलं काका डब्यांना लोणी लावताहेत. "बोटभर," त्या म्हणाल्या. "सगळीकडून सारखं. आणि वर मैदा भुरभुरवा."

"मैदा पण?"

"रोज सांगायचं का? लोण्यावर मैदा. आणि जास्तीचा झटकून टाका, नाहीतर गुठळ्या होतात."

काकांनी तसंच केलं. थोरल्याला लोणी, दुसऱ्याला लोणी, तिसऱ्याला लोणी, मला लोणी. बोल्टच्या आट्यांनाही ब्रशने लोणी. मग वर मैदा. मग आम्हाला एकेक उचलून, दोन्ही बाजूंनी टिचक्या मारून जास्तीचा मैदा झटकला. मला वाटलं, आता भट्टीत घालणार. पण त्यांनी आम्हाला हबवर चढवलं, चाकं बसवली आणि नट आवळले. नट इतके सुळकन फिरत होते की काका खूश झाले. "लोण्याची कमालच आहे," असं ते स्वतःशी म्हणालेले मी ऐकलं.

सुरुवातीचे दिवस मात्र आमचे होते. खोटं कशाला बोलू? गाडी खरंच कमी झुकायला लागली. दोन मजली केक डोंगराच्या रस्त्याने जाऊन ताठ पोचला. तीन मजली केक पोचला तेव्हा गिऱ्हाइकाने टाळ्या वाजवल्या, आणि त्या केकला नसून मला आहेत अशी माझी समजूत झाली. शेजारी गाडीभोवती फिरून बघायचे. "काका, गाडीने अंग धरलंय," असं एक जण म्हणाला. काका मडगार्डवर हात फिरवत म्हणायचे, "आतून सुधारणा केलीय." काकूंना त्यांनी फक्त इतकंच सांगितलं होतं की चाकांना एक भाग बसवलाय. काकू म्हणाल्या, "केक सरळ पोचतोय ना? मग मला काय करायचंय."

त्यानंतर एकेक बारीकसारीक गोष्टी सुरू झाल्या. स्टिअरिंग जड झालं. काका घरी आले की खांदे चोळायचे. गाडीत सामान जास्त भरलं की टायर मडगार्डच्या कडेला घासून 'खर्र' असा आवाज यायचा. काकांनी त्यावर रेडिओ मोठा करायचा उपाय शोधला. सगळ्यात वाईट म्हणजे गाडीने जरा वेग घेतला की ती थरथरायची. आमचं मधलं भोक हबपेक्षा मोठं, त्यामुळे आम्ही बरोबर मध्यावर बसलो नव्हतो, आणि चाक फिरताना बारीकसं उडायचं. केक सरळ राहायचा, पण त्याच्यावरची क्रीमची फुलं एकेक करून गळून पडायची.

"फुलं नाचतात," काकू म्हणाल्या. "अहो, मी पुढे बसले तर मला दिसत नाही, पण डबा उघडला की फुलं खाली पडलेली असतात. मी मागे बसून बघते."

"मागे सीट नाही."

"स्टूल आहे की."

तेव्हापासून काकू मोठ्या केकबरोबर मागे स्टुलावर बसायला लागल्या. त्या एका हाताने केकचा पुठ्ठा धरायच्या आणि दुसऱ्या हाताने पडलेली फुलं परत चिकटवायच्या. मागून त्यांचं बोलणं चालूच असायचं. "खड्डा होता तो, दिसला नाही का?" "दिसला होता." "मग त्यातून का नेलीत?" "दुसऱ्या खड्ड्यातून नेली असती तर चाललं असतं का?" मला ते ऐकायला आवडायचं. मी त्यांच्या अगदी खाली, मागच्या डाव्या चाकात होतो.

पण माझ्या अंगात काय चाललंय ते मला कळत होतं. ब्रेक लागला की हब तापायचा. हब तापला की लोणी वितळायचं. ते आट्यांतून झिरपायचं आणि नट शेंड्यावर आणखी सैल व्हायचे. बसवल्यानंतर थोडं अंतर गाडी चालवून नट पुन्हा आवळायचे असतात, हा आमच्या जातीचा पहिला नियम. काकांना तो कुणी सांगितला नव्हता. फिटेलभाऊंनाच तो ठाऊक नव्हता. मी ओरडून सांगणार कसा? मला भोकं सहा होती, पण तोंड एकही नव्हतं.

आमच्या वतीने शेवटी कुत्र्यांनी सांगितलं. गाडी थांबली की ती मागच्या डाव्या चाकाजवळ गोळा व्हायची आणि नाक लावून उभी राहायची. काका म्हणायचे, "केकचा वास येतो बिचाऱ्यांना."

आणि मग शाळेचा तो केक आला, आणि तो उतार.

काका रस्त्यावर बसलेले बघून काकू मागचं दार उघडून उतरल्या. त्यांनी चाक बघितलं, काकांचं तोंड बघितलं आणि आधी काकांना पाणी दिलं. मग मिस्त्रीला फोन केला. तोवर काका एकच वाक्य बोलत होते. "तू मागे बसली होतीस. सीटसुद्धा नाही. तू मागे बसली होतीस."

"मी होते म्हणून तर थांबवलीत," काकू म्हणाल्या. "पुढे असते तर रेडिओ ऐकत गेलो असतो दोघं."

मिस्त्री आला. त्याने आधी गाडी तिथून हलवायची नाही म्हणून सांगितलं. जॅक लावून चाक उतरवलं, मला बाहेर काढलं आणि नखाने खरवडलं.

"हा कसला पांढरा गंज? अ‍ॅल्युमिनियमला असा गंज मी बघितला नाही कधी."

त्याने मला नाकाजवळ नेलं. "काका, हे…"

"मैदा आहे," काका हळूच म्हणाले.

"काय आहे?"

"लोणी आणि मैदा. चिकटू नये म्हणून."

मिस्त्रीने मला फुटपाथवर ठेवलं आणि हात पँटला पुसले. "काका, तुम्ही चाक बसवलंय की भाजायला ठेवलंय?"

"अर्धी चूक माझी आहे," काकू म्हणाल्या. "मैदा मी सांगितला. जास्तीचा झटकायलाही मीच सांगितलं."

"झटकला होता," काका म्हणाले.

मिस्त्री हसला, पण मग गंभीर झाला. "काकू, केकने डबा सोडायचा असतो. चाकाने गाडी सोडायची नसते. हब, चकती आणि चाक कोरडी, स्वच्छ, एकमेकांना घट्ट टेकलेली लागतात. नटाला लोणी लावलंत तर तो येतानाही घसरतो आणि जातानाही." मग त्याने मला उचलून हबवर धरलं आणि मधल्या भोकाच्या कडेची फट दाखवली. "आणि हे बघा, ह्यात माझी करंगळी जाते. नटाला किती आटे उरलेत ते बघा. हा उतार तुम्ही उतरला असतात तर चाक तुमच्या आधी चौकात पोचलं असतं."

काकांनी विचारलं, "म्हणजे स्पेसर लावूच नये का कुणी?"

"गाडीच्या मापाचा असला, बोल्ट पुरेसे लांब असले, कायद्यात बसत असला, जाणत्या माणसाने ठरलेल्या जोराने आवळला आणि नंतर पुन्हा तपासला, तर चालतो. तरी चाक ज्या कड्यावर फिरतं त्या बेअरिंगवर ताण येतोच. चाक जितकं बाहेर, तितका ओढा जास्त. तुमचं हे बेअरिंग आत्ताच घरघरतंय, ऐका." त्याने हब हाताने फिरवला. घरघर ऐकू आली. "आणि केकसाठी म्हणाल, तर वळणावर हळू जा. त्याला चकती लागत नाही."

काकूंनी काकांकडे बघितलं.

पण केकचं काय? शाळेत मुलं वाट बघत होती. तेवढ्यात एक भाजीवाली हातगाडी ढकलत आली. काकूंनी तिला काय सांगितलं कोण जाणे, तिने कोथिंबीर आणि टोमॅटो एका बाजूला सारले आणि चार मजली केक फ्लॉवरच्या गड्ड्यांना टेकवून मध्ये उभा केला. भाजीवाली ढकलत होती, काकू एका बाजूने धरून चालत होत्या, काका दुसऱ्या बाजूने, आणि कुत्री मागून. उतार ते पायी उतरले. शाळेच्या फाटकाशी मुलांनी विचारलं, "फ्लॉवरपण क्रीमचा आहे का?"

मित्रांनो, तो केक आजवरचा सगळ्यात ताठ केक होता. एकही फूल पडलं नाही. मी फुटपाथवर पडून होतो. जिला स्प्रिंग नाही, जिच्या चाकांत स्पेसर नाही, अशा हातगाडीने माझं जन्माचं काम करून दाखवलं. त्या दिवशी माझा ताठा उतरला.

मिस्त्रीने आम्हा चौघांना काढलं, बेअरिंग बदललं आणि चाकं पूर्वीसारखी बसवली. गाडी पुन्हा अरुंद झाली. काकू पुन्हा पुढे बसायला लागल्या. काका वळणावर इतके हळू जायचे की लोक खरंच ढकलायला यायचे, आणि काकू खिडकीतून सांगायच्या, "राहू दे हो, चालू आहे."

जुनं बेअरिंग काकूंनी मागून घेतलं. "ह्याच्यावर केक फिरेल का हो?" काकांनी अंगणात बसून ते एका फळीवर पक्कं केलं आणि मला धुऊन, घासून त्याच्यावर बसवलं. माझ्यावर केक ठेवायचा, हळूहळू फिरवायचं आणि कडेने क्रीम लावत जायचं. अशी मला दुसरी नोकरी लागली. मी फिरलो की बेअरिंग घरघरायचं. काकू म्हणायच्या, "गाडी आली बघा तुमची." घरात त्या एकट्या असल्या तरी हे म्हणायच्या.

माझे तीन भाऊ मात्र खोक्यात परत गेले. ते भंगारात द्यायचे असं काकांच्या मनात होतं. काकू नको म्हणाल्या. "अख्खे दिले तर भंगारवाला ते फिटेलभाऊंना नेऊन देईल. फिटेलभाऊ कुणाला तरी 'फिटेल' म्हणतील. त्याच्या गाडीत कोण मागे बसलेलं असेल, आपल्याला काय माहीत? कापून टाकायचे. तुकडे भंगारात द्यायचे."

मला भावांचं वाईट वाटलं. पण काकूंचं म्हणणं मला पटलं.

एका रिकाम्या दुपारी दोघं कापायला बसले. अंगणात फळी टाकली, तिच्यावर थोरल्या भावाला ठेवलं. तो हलू नये म्हणून काकू त्याच्यावर पाय ठेवून, फळीवर जोर देऊन बसल्या. काकांनी करवत चालवली. करवत किरकिरली, फळी उडाली, काकू हलल्या.

"अहो, माझा पाय कापाल!"

"तू हलू नकोस."

"मी हलत नाही, तुम्ही मला हलवताय!"

"अगं, हसू नकोस, धर नीट."

काकूंना हसू आवरेना. मग काकांनाही आवरेना. थोरला फळीवरून निसटून अंगणभर गडगडत गेला आणि तुळशीवृंदावनाला आपटून पडला. करवतीने त्याच्या कडेला एक खाच पडली होती, तेवढीच. "पुढच्या खेपेला," काकू डोळे पुसत म्हणाल्या. पण पुढच्या खेपेला ऑर्डर होती, त्याच्या पुढच्या खेपेला पाहुणे होते. तीन चकत्या काही पळून जात नव्हत्या.

मग काकू आजारी पडल्या. आजार लांबला नाही. त्या गेल्या.

आता केकवर फुलं काकूंची धाकटी बहीण काढते. ती डावरी आहे, त्यामुळे मला उलटं फिरवते. मला सवय व्हायला वेळ लागला. काका केक पोचवतात. केक तिरका पोचला तर दारात मलमपट्टी करायला क्रीमची पिशवी नेतात, पण त्यांचा हात काही बसलेला नाही. परवा एका मुलीच्या केकवर त्यांनी फूल म्हणून जे काढलं त्याला ती मुलगी ढग म्हणाली. काका म्हणाले, "ढगच आहे."

मध्यंतरी फिटेलभाऊ घरी आले. बसले, चहा घेतला, काकूंबद्दल चांगलं बोलले. उठताना म्हणाले, "काका, त्या चकत्या पडूनच असतील ना? एक गिऱ्हाईक आलंय. शाळेच्या मुलांची गाडी आहे त्याची."

"चकत्या द्यायच्या नाहीत," काका म्हणाले.

"तुमच्या काय कामाच्या?"

"द्यायच्या नाहीत." काकांचा आवाज काकूंसारखा चढला. फिटेलभाऊंनी वाद घातला नाही.

मित्रांनो, माझी तुम्हाला एवढीच विनंती आहे. तुम्ही ज्या गाडीत बसता तिची चाकं कधीतरी वाकून बघा. नट मोजता येतात, त्याला शिकावं लागत नाही. मोठ्या माणसांनी गाडीला काही नवं लावलं, तर ते आपल्या गाडीच्या मापाचं आहे का, आणि बसवल्यानंतर पुन्हा आवळलं का, एवढं विचारा. ती माणसं चिडली तरी विचारा. गाडीत कुणाला विचित्र वास आला, वेगळा आवाज आला, तर पुढचा उतार संपायची वाट बघू नका. आणि मागे कुणाला स्टुलावर बसवू नका. त्यांच्यासाठी नीट सीट बसवून घ्या.

फिटेलभाऊ येऊन गेल्यावर काकांनी खोकं काढलं. थोरल्या भावाला फळीवर ठेवलं, एका हाताने धरलं, दुसऱ्या हाताने करवत लावली. चकती फिरली. त्यांनी पाय ठेवून बघितला, तर करवतीपर्यंत हात पोचेना. खाचेवर बोट फिरवत ते थोडा वेळ बसले आणि त्यांनी भावांना परत खोक्यात ठेवलं.

मिस्त्रीला हे कळलं तेव्हा तो म्हणाला, "काका, माझ्याकडे शिकंजा आहे. तो धरेल. आणा, मी दोन मिनिटांत उडवतो."

"बघू," काका म्हणाले. "आणतो कधीतरी."

त्यांनी अजून नेलेले नाहीत. खोकं ओट्याखाली आहे. माझे तीन भाऊ कापायचे राहिले आहेत.